कुंकवाच्या डबीतले दात

“बघ, दात नीट घासले नाहीत ना, की असं होतं.”

वाक्य माझ्यासाठी नव्हतं. दातांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर बसलेल्या एका बाईने ते आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला कानाशी वाकून सांगितलं होतं. पण जागा लहान होती आणि पंखा बंद होता. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. रिसेप्शनवरच्या मुलीने मला वय विचारलं होतं, मी “चोवीस” म्हटलं होतं, आणि तेवढ्यात जे दिसायचं ते दिसलं होतं.

“चोवीस” हा वाईट शब्द आहे. त्यात ओठ दोन्हीकडे ताणले जातात. “हो” चालतो, “बरं” चालतो, “नको”सुद्धा चालतो. शाळेत असताना बाथरूमच्या आरशासमोर एकेक शब्द म्हणून मी हे ठरवलं होतं. शाळा इंग्रजी होती, त्यामुळे इंग्रजीची यादी वेगळी. “नो” चालायचं, “येस” नाही. “प्रेझेंट मिस” तर अजिबात नाही, म्हणून हजेरीला मी फक्त हात वर करायचे. बाई म्हणायच्या, किती शांत मुलगी आहे.

शेजारी आई बसली होती. तिनेही ऐकलं. तिने त्या बाईकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि परत लावली. मला त्या बाईचा राग आला नाही. आईचाच आला, कारण तिचा चेहरा असा झाला होता की जणू ते वाक्य तिलाच लागू आहे. गेली वीस वर्षं ते तिलाच लागू होतं, हे मला त्या वेळी नीट कळत नव्हतं.

आम्ही तिथे आलो होतो ते पावामुळे. सकाळी चहात बुडवलेला, चांगला मऊ झालेला पाव खाताना माझ्या वरच्या पुढच्या दाताचा एक तुकडा निघाला. दगड लागला नाही, हाड नाही, शेंगदाणासुद्धा नाही. मी तो तुकडा बशीत ठेवला आणि आईने तो उचलून बोटावर घेतला. खडूचा टवका असतो तसा दिसत होता.

माझे दात पिवळे आहेत, पण चहाने होतात तसे नाहीत. मधाचा रंग म्हणता येईल, काही ठिकाणी गुळाचा. अंगावर बारीक बारीक खड्डे आहेत. गार पाणी लागतं, गरम लागतं, थंडीच्या दिवसांत सकाळी तोंड उघडून श्वास घेतला तरी लागतं. घरून काम असल्यामुळे माझी सोय होती. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायचा आणि नेट स्लो आहे म्हणायचं. विरारमध्ये नेट स्लो आहे यावर कुणीही लगेच विश्वास ठेवतं.

दातांच्या डॉक्टरकडे जायचं मी बारा वर्षं टाळलं होतं. शाळेत एकदा तपासणी झाली होती. सगळ्यांच्या कार्डावर एक बरोबरची खूण आणि माझ्या कार्डावर लाल शाईत “पुअर ब्रशिंग”. त्या कार्डावर आईची सही लागायची. आईने सही केली, आणि त्या संध्याकाळपासून माझे दात ती स्वतः घासायला लागली. मी नऊ वर्षांची होते. हिरड्यांतून रक्त यायचं. मग एका डॉक्टरांनी दोन दातांत सिमेंट भरलं, ते महिन्याभरात पडलं. पुन्हा भरलं, पुन्हा पडलं. “खाण्यावर कंट्रोल नाही वाटतं,” ते आईला म्हणाले. आमच्या घरात तेव्हा साखरेचा डबासुद्धा वरच्या फळीवर असायचा, आणि शाळेतल्या वाढदिवसाचं चॉकलेट मी तसंच घरी आणून आईच्या हातात द्यायचे.

आमचा नंबर आला. डॉक्टर तरुण होती, माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. तिने दिवा खाली ओढला आणि “आ” करायला लावलं. मी वाट बघत होते. डॉक्टर आधी “अरेरे” म्हणतात किंवा “दिवसातून किती वेळा ब्रश करतेस?” विचारतात. ती मात्र आरसा घेऊन डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकही दात न सोडता बघत गेली. मग खुर्ची सरळ केली.

“पाणी कुठलं प्यायचा? लहानपणी बोअरिंगचं होतं का?”

“नाही, नळाचंच,” आई म्हणाली.

“हिला लहानपणी मोठा आजार? खूप ताप, खूप औषधं?”

“नाही.”

“दुधाचे दात कसे होते? पांढरे होते की असेच?”

आई थांबली. इतका वेळ ती फॉर्म भरल्यासारखी उत्तरं देत होती.

“असेच होते,” ती म्हणाली.

“नक्की आठवतं? कारण हे महत्त्वाचं आहे.”

“आठवायला कशाला पाहिजे,” आई म्हणाली, “आहेत माझ्याकडे.”

मी आईकडे वळून बघितलं. हे मला माहीत नव्हतं.

रिक्षात मी काही विचारलं नाही. आमच्या घरात प्रश्न विचारायची पद्धत अशी आहे की आपण गप्प बसायचं आणि समोरच्याने कंटाळून बोलायचं. पण आई आमचा मनवेलपाडा येईपर्यंत काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने कपाटातून, साड्यांच्या मागून, एक पितळेची कुंकवाची डबी काढली. तिच्या लग्नातली. झाकण घट्ट बसलं होतं, ते तिने पदराने धरून फिरवलं. आत कापूस होता आणि कापसात अकरा दात. तांदळापेक्षा थोडे मोठे. माझे.

“हे कशाला ठेवलेस?”

“टाकायचे होते,” ती म्हणाली. “कुठे टाकू? इथे कौलं आहेत का?”

आई देशावरची. तिच्या माहेरी दुधाचा दात पडला की तो कौलावर फेकायचा, म्हणजे उंदीर तो नेतो आणि त्याच्यासारखा बळकट दात देतो. आमची बिल्डिंग चार मजल्यांची, वर गच्ची, आणि गच्चीला सोसायटीचं कुलूप. त्यामुळे माझा पहिला दात पडला तेव्हा आई तो कागदात गुंडाळून निर्मळला घेऊन गेली, बाबांच्या गावी. आजी तेव्हा हयात नव्हती. केळीची वाडी काका बघायचे, अजूनही तेच बघतात. आत्या दिलेलीही निर्मळमध्येच, तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, त्यामुळे माहेरी तिचं रोज येणं-जाणं. आईने अंगणात उभं राहून कागद उघडला आणि आत्याने तिच्या तळहातावरचा तो दात बघितला.

“काय म्हणाली आत्या?”

आईने आत्याचा आवाज काढला. तिला तो चांगला जमतो, हेही मला त्या दिवशी कळलं. “‘अगो, असला दात घेऊन तो उंदीर तरी बदल्यात काय देणार?’ सगळे हसले. काकासुद्धा.”

“मग?”

“मग काय. आणला परत. पुढचे नेलेच नाहीत.”

आत्या वाईट बाई नाही, हे इथेच सांगून टाकते. ती जोरात बोलते आणि विसरून जाते. तिचं बोललेलं मात्र आमच्या घरी राहतं. माझ्या दातांबद्दल तिचं मत पहिल्यापासून पक्कं होतं: आई नोकरीला जायची, जाताना माझ्या हातात सुकेळं देऊन शेजारच्या काकूंकडे ठेवायची, दात गेले ते तेव्हाच. सुकेळं म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. मधासारखी चिकट, आणि बाळ एक घेऊन अर्धा तास चोखत बसतं. गंमत अशी की ती सुकेळी दर वर्षी आत्याच्याच वाडीतून यायची, केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत बांधून, “बाळाला द्या” असं सांगून. आईने हे कधी बोलून दाखवलं नाही. एकदा फक्त मला म्हणाली होती, “त्यांनी प्रेमानेच पाठवलं ना. न द्यायची अक्कल मला हवी होती.”

दुसऱ्या वेळी आम्ही डबी घेऊन गेलो. डॉक्टरने ट्रेवर एक पांढरा कागद पसरला आणि अकरा दात रांगेत मांडले. भिंग लावून एकेक बघितला. चिमट्याने एक उचलून दिव्यापुढे धरला.

“हे बघा. इथेही तेच खड्डे. रंगही तोच.” मग तिने आईला विचारलं, “सुकेळं, बिस्किट, जे काही असेल ते, हिला पहिल्यांदा कधी दिलंत?” आईने पहिल्याच दिवशी आपणहून सगळा कबुलीजबाब देऊन ठेवला होता.

“नऊ महिन्यांची होती,” आई म्हणाली. तिला महिना नाही, वारसुद्धा आठवत असणार.

“हे जे पुढचे दात आहेत ना, यांचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, ते मूल पोटात असतानाच बनायला लागतं. जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत बनून तयार. दात हिरडीच्या आत असतो, दिसत नाही, पण कवच पूर्ण झालेलं असतं. हा दात बिघडूनच तयार झालाय. तुम्ही सुकेळं द्यायच्या सहा महिने आधी.”

आईने कागदावरच्या एका दाताला बोट लावलं आणि ते तिथेच ठेवलं.

डॉक्टर सांगत होती, मी ऐकत होते, आणि अर्धं लक्ष आईच्या हाताकडे होतं. इनॅमल एकदाच बनतं. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, इनॅमल परत येत नाही. ते कसं बनवायचं याची माहिती जीन्समध्ये असते. त्यातल्या एखाद्या ठिकाणी चूक असली की कवच पातळ होतं किंवा ठिसूळ. मग त्यावर सिमेंट चिकटत नाही, गार-गरम लागतं, झीज होते, आणि कीड लागायला सोपं जातं. “कीड सगळ्यांनाच लागू शकते,” ती म्हणाली. “साखर आणि जंतू लागतातच त्याला. पण एकाच घरातली दोन मुलं तेच खातात, तसाच ब्रश करतात, आणि एकाचेच दात किडतात, असं आम्ही रोज बघतो. त्याला बरीच कारणं असतात. त्यातलं एक हे, की भिंत कुणाला जाड मिळते, कुणाला पातळ. हिच्या बाबतीत तर भिंत बांधतानाच चुकली आहे.”

“म्हणजे ब्रशचा काही संबंध नाही?” मी विचारलं. हात तोंडावर ठेवूनच.

“ब्रश तर करायचाच. मऊ. तू नको इतका जोरात करतेस, हिरड्या सांगतात.” मग तिने औषधाच्या कागदाच्या मागे एक गोल काढला आणि तो काळा केला. “ही तू. आता वर जाऊ. घरात आणखी कुणाचे असे दात?”

“कुणाचेच नाहीत,” आई लगेच म्हणाली. “म्हणजे, यांचे पडले, पण ते तंबाखूने. यांच्या बहिणीचे मिसरीने. सासूबाईंचेही मिसरीनेच. भाच्याचे गुटख्याने...”

बोलता बोलता तिचा आवाज हळू होत गेला. डॉक्टरने पेन तसंच धरून ठेवलं होतं.

“सगळे एकाच बाजूचे?” तिने विचारलं.

त्या संध्याकाळी बाबा कामावरून आले, हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसले, आणि मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बाबांना जाड मिशी आहे आणि पस्तिसाव्या वर्षापासून पूर्ण कवळी. आमच्याकडे त्यांचा हसतानाचा एकही फोटो नाही, लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा. आम्हाला वाटायचं, स्वभावच तसा.

“बाबा, तुम्ही तंबाखू कधी सुरू केली?”

“का? आता सोडली ना.”

“सांगा तरी.”

“कॉलेजात. बारावीनंतर.”

“आणि दात पिवळे कधीपासून होते?”

बाबांनी रिमोट उचलला, आवाज कमी केला, रिमोट खाली ठेवला. 

“शाळेत मला हळद्या म्हणायचे,” ते म्हणाले.

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलं. ती दारात आली. पीठ लागलेले हात तसेच.

“कितवीत?”

“असेन तिसरी-चौथीत. म्हणजे काय झालं?”

“काय झालं? पंचवीस वर्षं झाली लग्नाला. मला हे कधी सांगितलं नाहीत?”

“तू कधी विचारलंस?”

“अहो, पोरीचे दात बघत होता ना तुम्ही रोज? माझ्यावर सगळे बोलत होते तेव्हा तुम्ही बसला होतात ना तिथेच, लाडू खात?”

“मला वाटलं, माझे वेगळे, तिचे वेगळे,” बाबा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. “शाळेत कुणी हळद्या म्हणायचं ते घरी येऊन बायकोला सांगायची गोष्ट आहे का?”

आई हसायला लागली. आधी मला वाटलं रडते आहे, पण हसत होती, भिंतीला टेकून, पिठाचे हात अंगापासून लांब धरून. “हळद्या,” ती म्हणाली आणि पुन्हा हसली. बाबासुद्धा मिशीतल्या मिशीत हसले, कवळी दिसू न देता. त्या दिवशी पोळ्या जरा करपल्या.

नंतर मी माझ्या खोलीत त्या कागदावर डॉक्टरने काढलेले बायकांचे गोल आणि पुरुषांचे चौकोन बघत बसले. आजी, बाबा, आत्या, आत्याचा मुलगा म्हणजे माझा दादा, मी. पाच काळे. काकांचा चौकोन पांढरा. प्रत्येक मुलाच्या वेळी छापा-काटा होतो, डॉक्टर म्हणाली होती, आणि काकांच्या वेळी छापा पडला. हे समोर असूनही कुणाला दिसलं नाही, कारण आमच्या घरात प्रत्येकाच्या दातांना स्वतंत्र गुन्हेगार नेमलेला होता. आजीला मिसरी, आत्याला मिसरी, बाबांना तंबाखू, दादाला गुटखा. बायका हसताना तोंडाला पदर लावायच्या, ते तर आमच्याकडे संस्कारात जमा होतं. आत्या अभिमानाने सांगायची, “आमच्याकडची बाई दात काढून हसणार नाही.” मी तोंडावर हात ठेवायचे तेव्हा म्हणायची, “आजीवर गेली हो, लाजरी.” खरंच गेले होते आजीवर. फक्त लाजण्यात नाही.

आणि मिसरीचा, तंबाखूचा गुन्हेगार जिला लावता येत नव्हता अशी मी पहिली होते. म्हणून आई सापडली.

कागदावर खाली एक गोल रिकामा होता. डॉक्टरने विचारलं होतं, पुढच्या पिढीत कुणी लहान आहे का? दादाची मुलगी आहे, सात वर्षांची, निर्मळलाच. “तिला घेऊन या,” डॉक्टर म्हणाली होती. “पक्के दात येताहेत तोवरच जपता येतात. तुझ्या वेळी कुणी बघायला हवं होतं. तिच्या वेळी अजून उशीर झालेला नाही. फक्त तोपर्यंत राखुंडी, मीठ, काही खरखरीत लावू देऊ नका.”

रविवारी आम्ही निघालो. बाबांनी येण्याऐवजी अचानक पंख्याची पाती पुसायला काढली. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर आई म्हणाली, “तिथे तूच सांग.”

“मी? तू सांग ना.”

“मी सांगितलं तर काय म्हणतील? स्वतःवरचं झटकते. आणि खोटं नाही ते, मला झटकायचंच आहे.” ती बाहेर बघत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या होत्या. “पण तू सांगितलंस तर ऐकतील. दात तुझे आहेत.”

मला आत्याकडे बोलायची सवय नव्हती. तिथे मी “हो” आणि “बरं” यांच्यावर चोवीस वर्षं काढली होती.

आत्या ओटीवर बसून गजरे करत होती. पुढ्यात सुपात अबोली, शेजारी वाटीत भिजवलेले केळीच्या सोपटाचे दोरे. आमच्याशी बोलताना ती घरची बोली सोडून जरा पुस्तकी बोलते, आई आल्यापासून तशी सवय लागली आहे. “ये बाय. बस. ही काय, वाळलीस आणखी.” आईला म्हणाली, “खायला घालता की नाही हिला?”

“खाते ना, ताई,” आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बसले आणि फुलं निवडायला लागले.

आत्याचे हात फार भराभर चालतात. गजरा पुरा झाला की ती दोऱ्याचं टोक मांडीखाली ठेवलेल्या लहान सुरीने कापते. मी हे लहानपणापासून बघत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्याकडे कामाला येणाऱ्या शेजारच्या बायका दोरा दाताने तोडतात, खटकन. आत्या नाही. आजीही तोडायची नाही, तिचीसुद्धा एक सुरी होती, मूठ तुटलेली.

तेवढ्यात मागच्या पडवीतून रडण्याचा आवाज आला. दादाची मुलगी. वहिनी तिला समजावत होती.

“लागू दे गं थोडं,” आत्या बसल्या जागेवरून ओरडली. “राखुंडी लावल्याशिवाय निघायचं नाही ते.” मग आईकडे वळून म्हणाली, “पुढचे दोन आलेत नवे. बघाल तर पिवळेधमक. मी हिला सांगत होते, बिस्किटाचा पुडा पोरीच्या हातात देऊ नको. देते, आणि मोबाइल बघत बसते. आताच्या आया.”

वहिनी दारात आली. एका हातात राखुंडीची डबी, दुसऱ्या हाताने मुलीला धरलेलं.  तिने आमच्याकडे बघितलं नाही, डबीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. मी तो चेहरा ओळखला. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी होता तो.

मुलीच्या ओठांना काळी राख लागली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. डावा हात, बोटं मिटून, अंगठा गालाशी. अगदी माझ्यासारखा. तिला हे कुणी शिकवलं नसणार.

“आत्या,” मी म्हटलं, “तू दोरा दाताने का तोडत नाहीस?”

आत्याला प्रश्न ऐकायला वेळ लागला. मी बोलले याचंच तिला जास्त नवल वाटलं असावं.

“लागतो म्हणून. कळ जाते एकदम डोक्यात.”

“कधीपासून?”

“कधीपासून म्हणजे? पहिल्यापासून. परकरात होते तेव्हापासून. म्हणून तर आईने मिसरी लावायला शिकवली, मिसरीने जरा बधिर व्हायचे.” तिने हातातला गजरा सुपात ठेवला. “का गो?”

म्हणजे मिसरी नंतर आली होती. ती स्वतःच सांगत होती आणि तिला ऐकू येत नव्हतं. आई फुलं निवडत होती, मान खाली, पण तिचे हात थांबले होते. मला वाटलं, अजूनही “काही नाही” म्हणता येईल. तो शब्द मला चांगला जमतो. मग मी माझा हात तोंडावरून काढला आणि त्या मुलीला जवळ बोलावलं. ती आली. मी ओठ मागे घेऊन तिला माझे दात दाखवले, सगळे, तुटलेल्यासकट, भर दुपारी, ओटीवर. तिने वाकून बघितलं. मग तिनेही हात काढला.

आणि मी म्हणाले, “आत्या, ती राखुंडी टाकून दे. हे घासून जाणार नाहीत, उलट झिजतील. हे असेच उगवलेत. माझेही असेच उगवले, बाबांचेही, दादाचेही, आजीचेही, आणि तुझेही, मिसरी लावायच्या आधीपासून. डॉक्टरने माझे दुधाचे दातसुद्धा बघितले. हे आपल्या घरचे दात आहेत, आत्या. हिला घेऊन मी डॉक्टरकडे जाणार आहे, तूही चल. वहिनीने काही केलेलं नाही. आणि माझ्या आईनेही काही केलं नव्हतं.”